'छान होते' म्हणजे काय?
(एका बर्गरच्या दुकानाच्या निमित्ताने)



गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या वरच्या वर्गातील मुलामुलींनी खाऊचा एक स्टॉल लावला होता. पाव, आलूची टिक्की, कांदा, टोमॅटो आणि वरून चटणी असा त्यांचा 'बर्गर' होता. स्टॉलच्या बाजूला त्यांनी पत्र्याचा एक डबा ठेवला आणि खाणाऱ्यांनी आपले मत चिठ्ठीवर लिहून त्यात टाकावे, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या चिठ्ठ्या मोठ्या उत्साहाने आम्हांला वाचून दाखवण्यात आल्या. 'छान', 'मस्त', 'एक नंबर'. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांनी आमच्या कानावर आले की एक चिठ्ठी वाचलीच गेली नव्हती. ती आधीच बाजूला काढून ठेवली होती. चौथीतल्या एका मुलीची ती चिठ्ठी होती. तिने लिहिले होते, 'पाव गार होता. आलू आतून कच्चा होता. ताई हसून बोलली.'

दुसरी गोष्ट अगदी उलट आहे. आमच्याच एका पालकांचा भज्यांचा गाडा आहे. त्यांच्या गाड्यावरचे तेल खराब असते, तेथे खाऊ नका, असा निरोप कोणीतरी फोनवरून गावभर पाठवला. एकाने दुसऱ्याला पाठवला, दुसऱ्याने दहांना. गिऱ्हाईक तुटले. ते गृहस्थ शाळेत आले, खुर्चीवर बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, 'सर, माझ्या तेलाचा रंग कोणी पाहिला, एवढे फक्त सांगा.' चौकशी केली तेव्हा समजले की निरोप पाठवणारा आमचाच एक विद्यार्थी. त्या दिवशी त्याने तेथे काही खाल्लेच नव्हते. गर्दीत बराच वेळ थांबावे लागले, म्हणून तो रागावून निघून आला होता.

एका ठिकाणी खरे मत दडवले गेले, दुसऱ्या ठिकाणी खोटे मत पसरवले गेले. दोन्ही गोष्टी आपल्याच मुलांकडून झाल्या. म्हणून उपाहारगृहाविषयी गिऱ्हाइकाचे मत म्हणजे नेमके काय, त्याला किती किंमत द्यावी आणि ते कसे द्यावे, याविषयी या अंकात थोडे सविस्तर लिहावे असे आम्ही ठरवले.

पुण्यातील एक दुकान

बर्गर हा शब्द जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराच्या नावावरून आला. पुढे अमेरिकेत तो पदार्थ घरोघरी आणि रस्तोरस्ती पोहोचला. आपल्याकडचा वडापाव त्याचा दूरचा भाऊ म्हणता येईल. त्यातला पाव आणि बटाटा दोन्ही पोर्तुगीजांच्या मार्फत आपल्याकडे आले, हे इतिहासाच्या तासाला सांगितलेले आठवत असेल.

पुण्यात कॅम्प आणि कोरेगाव पार्क या भागांत बर्गरचे एक साधे, स्थानिक उपाहारगृह आहे. एका इराणी दाम्पत्याने ते १९९२ च्या सुमारास 'बर्गर किंग' या नावाने सुरू केले. त्या काळी पुण्यातल्या कॉलेजच्या मुलांना बर्गर ही नवलाईची वस्तू होती. हळूहळू दुकानाचे नाव झाले. आता हेच नाव अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीचेही आहे आणि ती कंपनी १९५४ पासून ते वापरते. मात्र भारतात तिचे पहिले उपाहारगृह नोव्हेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उघडले. त्यापूर्वीच, २०११ साली, कंपनीने पुण्याच्या दुकानाविरुद्ध नावावरून दावा लावला होता.

तेरा वर्षे दावा चालला. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. कंपनी भारतात येण्याच्या बरीच वर्षे आधीपासून पुण्याचे दुकान हे नाव वापरत होते आणि नावामुळे गिऱ्हाइकांचा गोंधळ होतो हे कंपनीला सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. दुकानाच्या मालकांनीही आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल भरपाई मागितली होती. तीही मिळाली नाही, कारण तोंडी सांगण्यापलीकडे पुरावा नव्हता. पुढे कंपनी अपिलात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत दुकानाला ते नाव वापरण्यास मनाई केली. ७ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली आणि उच्च न्यायालयातील अपील चालू राहू दिले.

आता कोणी विचारेल, पुण्यातल्या भांडणाचा तलमडुगुच्या शाळेशी काय संबंध? संबंध असा, की या दाव्याच्या मुळाशी गिऱ्हाइकाचे मत आहे. पाटीवरचे नाव वाचून माणसाच्या मनात काय येते, हाच तेथे प्रश्न होता. चांगल्या मतांची वर्षानुवर्षे साठलेली पुंजी म्हणजे दुकानाचे नाव. आपण त्याला पत म्हणतो, नावलौकिक म्हणतो. शेजारच्या दुकानाची चूक आपल्या नावावर पडू नये आणि आपली मेहनत दुसऱ्याच्या नावावर जमा होऊ नये, यासाठी व्यापारचिन्हाचा कायदा केला गेला. ज्या नावासाठी दोन पक्ष तेरा वर्षे न्यायालयात उभे राहतात, तेच नाव एका निरोपाने एका संध्याकाळी मातीत मिळू शकते. भज्यांच्या गाड्यावर पाटी नसली, तरी गाडेवाल्याचे नाव गावात असतेच. त्याची पुंजी तेवढीच असते.

ताऱ्यांचा हिशेब

आजकाल शहरात जेवायला जाण्यापूर्वी लोक फोनवर त्या ठिकाणाला किती तारे मिळाले आहेत ते पाहतात. पाचपैकी साडेचार असतील तर आत शिरतात, तीन असतील तर पुढे जातात. हे तारे म्हणजे सरासरी. सरासरी आपण सातवीत शिकतो, पण तिच्यामागे काय दडलेले असते ते सहसा शिकत नाही.

समजा, एका दुकानाला पाच जणांनी मत दिले आणि सरासरी ४.८ आली. दुसऱ्या दुकानाला ४०० जणांनी मत दिले आणि सरासरी ४.३ आली. वरवर पाहता पहिले दुकान सरस. आता दोन्ही ठिकाणी एक-एक रागावलेला माणूस आला आणि त्याने एकच तारा दिला. पहिल्या दुकानाची बेरीज २४ होती ती २५ झाली. २५ ला ६ ने भागले की ४.१७ येतात. दुसऱ्याची बेरीज १७२० होती ती १७२१ झाली; ४०१ ने भागले की ४.२९ येतात. एका माणसाने पहिल्या दुकानाला खाली ओढले, दुसऱ्याला मात्र तो हलवू शकला नाही. म्हणून केवळ सरासरी पाहू नये. किती जणांची सरासरी तेही पाहावे. विद्यार्थ्यांनी हा हिशेब वहीत स्वतः करून पाहावा.

दुसरी गोष्ट, मत देतो कोण? ज्याला फार आवडले तो देतो आणि ज्याला फार राग आला तो देतो. जेवण ठीक होते, पोट भरले, असे वाटणारा माणूस हात धुऊन घरी जातो. अशा शांत माणसांचीच संख्या मोठी असते आणि त्यांचे मत मोजलेच जात नाही.

तिसरी गोष्ट, मोजणारे बदलले की क्रमांकही बदलतो. खाद्यपदार्थांच्या जागतिक याद्या करणाऱ्या 'टेस्ट ॲटलस' या संस्थेने २०२३ साली वडापावाला जगातील सँडविचांमध्ये १३ वे स्थान दिले होते. पुढच्या वर्षी तो १९ व्या स्थानावर गेला. आपल्या वर्तमानपत्रांनी दोन्ही वेळा बातमी दिली. वर्षभरात मुंबईच्या वड्यात काही बिघडले होते का? वडा तोच, चटणी तीच. म्हणून अशा क्रमांकांनी फुगून जाऊ नये आणि खचूनही जाऊ नये.

जीभ काय सांगते आणि काय सांगत नाही

जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या किंवा टोमॅटोच्या रसात असते तशी एक रुचकर चव, अशा पाच चवी ओळखते. तिखट ही खरे तर चव नव्हे, ती आग आहे. मिरचीतील कॅप्सेसिन नावाचा पदार्थ उष्णता जाणवणाऱ्या नसांना चेतवतो आणि तोंड भाजल्यासारखे वाटते. आग सहन करण्याची सवय ज्याची त्याची असते. आमच्या आदिलाबादकडे घरोघरी लाल तिखटाचा हात सढळ. आपल्या मुलाला पुण्यामुंबईचा बर्गर फिका लागेल आणि तिकडच्या मुलाला आपली चटणी जाळेल. दोघांचेही मत खरे, पण एकाचे मत दुसऱ्याच्या कामाचे नाही. म्हणून 'तिखट होते' एवढेच न लिहिता 'आमच्या घरच्यापेक्षा तिखट होते' असे लिहिले तर वाचणाऱ्याला माप मिळते.

पण याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. अन्न रुचकर आहे की नाही हे जीभ सांगते, ते सुरक्षित आहे की नाही हे सांगू शकत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या हैदराबादेत मोमो खाल्ल्यानंतर अनेक जण आजारी पडले आणि एका महिलेचा मृत्यू झाला. त्यानंतर ३० ऑक्टोबर २०२४ रोजी तेलंगणा सरकारने कच्च्या अंड्यापासून केलेल्या मेयोनेजचे उत्पादन, साठवण आणि विक्री यांवर एक वर्षासाठी बंदी घातली. बर्गरमध्ये पांढऱ्या लोण्यासारखे जे घालतात तेच हे मेयोनेज. कच्च्या अंड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांना ना वेगळा वास, ना वेगळी चव. शिवाय त्यांचा त्रास लगेच होत नाही. जंतू पोटात गेल्यापासून सहा तासांनी ते तीन दिवसांनी केव्हाही तो सुरू होतो.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. रात्री आठ वाजता खाऊन सव्वाआठला पाच तारे देणारा माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात असू शकतो. त्याने तारे दिले तेव्हा तो खोटे बोलला नव्हता. खरी गोष्ट त्याला अजून कळायची होती. तेव्हा चवीच्या मतावरून स्वच्छतेचा निर्णय करू नये. स्वच्छतेसाठी जीभ सोडून डोळे वापरावेत. पुढील गोष्टी कोणालाही पाहता येतात.

१. पदार्थ आपल्यासमोर गरम करून मिळतो की केव्हाचा उघडा पडलेला आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे अन्न शिजवताना ते आतपर्यंत किमान ७० अंश सेल्सिअस तापले पाहिजे. शिजलेले अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर गरम ठेवावे किंवा ५ अंशांच्या खाली थंड. साध्या हवेत ते दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

२. पैसे घेणारा हात आणि पाव उघडणारा हात एकच आहे का? मध्ये हात धुतला जातो का?

३. तळणाचे तेल काळे पडून फेस येत आहे का? तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक घटक वाढतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाले की ते तेल वापरता येत नाही, असा भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा १ जुलै २०१८ पासूनचा नियम आहे.

४. पदार्थ वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देतात का? शाईतील घातक द्रव्ये अन्नात उतरतात, म्हणून तसे करू नये अशी सूचना याच प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये दिली होती.

५. परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावलेला आहे का?

चौथीच्या त्या मुलीने 'आलू आतून कच्चा होता' असे लिहिले, तेव्हा नकळत तिने पहिल्याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. टिक्की बाहेरून तांबूस दिसत होती, पण आतपर्यंत उष्णता पोहोचली नव्हती. हे वाक्य दडवून आमच्या मुलांनी स्वतःचाच तोटा करून घेतला.

दडवलेले मत, विकतचे मत

अशी दडवादडवी केवळ मुलेच करतात असे नाही. काही व्यापारी पैसे देऊन आपल्याविषयी चांगले लिहवून घेतात, काही प्रतिस्पर्ध्याविषयी वाईट लिहवतात, तर काही जण प्रतिकूल मते पुसून टाकतात. यासाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये 'आयएस १९००० : २०२२' हे मानक जाहीर केले. मत देणारा माणूस खरा आहे याची खात्री करावी, त्याच्या मजकुरात फेरफार करू नये, पैसे देऊन लिहवलेली मते छापू नयेत आणि प्रतिकूल मत येऊ नये म्हणून अडथळे आणू नयेत, असा त्याचा सारांश आहे. हे मानक ऐच्छिक ठेवण्यात आले. पण शाळेतल्या पत्र्याच्या डब्यालाही ते जसेच्या तसे लागू पडते, असे आम्हांला वाटते.

खोट्या निंदेविषयीही सांगितले पाहिजे. 'मला भजी आवडली नाहीत' हे मत आहे आणि ते मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. 'तेथले तेल खराब असते' हे मत नव्हे, ते विधान आहे. ते खरे असेल किंवा खोटे असेल. ते करणाऱ्याने पाहिलेले असले पाहिजे. खोटे विधान करून कोणाची अब्रू घालवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे गुन्हा ठरू शकतो. कायद्याची भीती दाखवावी हा आमचा हेतू नाही. पण फोनचे एक बटण दाबताना आपण काय करत आहोत, हे मुलांना आणि मोठ्यांनाही ठाऊक असावे. तेल खरोखरच खराब दिसले, तर गावभर निरोप पाठवण्याआधी दुकानदाराला सांगावे. त्याने ऐकले नाही तर अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तोही पाठ असावा.

चांगले मत कसे द्यावे?

हिंदीत अशा मताला समीक्षा म्हणतात आणि मराठीतही तो शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ नीट पाहणे असा आहे. आधी पाहणे, मग बोलणे. विद्यार्थ्यांसाठी आम्ही पाच नियम सुचवतो.

१. स्वतः खाल्ले असेल तरच लिहावे. ऐकीव गोष्ट लिहू नये.

२. काय खाल्ले, केव्हा खाल्ले ते लिहावे. रविवारच्या गर्दीतला अनुभव आणि मंगळवारच्या दुपारचा अनुभव एक नसतो.

३. 'छान' किंवा 'बेकार' या शब्दांवर थांबू नये. काय छान? पाव मऊ होता, चटणी ताजी होती, की बसायला जागा होती? कारण लिहिले तरच दुकानदाराला सुधारता येते.

४. पदार्थ, वागणूक, स्वच्छता आणि किंमत यांची मते वेगवेगळी लिहावीत. वाट पाहावी लागली याचा राग तेलावर काढू नये.

५. जे दुकानदाराच्या तोंडावर सांगता येणार नाही, ते त्याच्या पाठीमागे लिहू नये.

चौथीची ती चिठ्ठी या नियमांवर ताडून पाहा. तीन छोटी वाक्ये. पहिली दोन पदार्थाविषयी, तिसरे वागणुकीविषयी. दोन उणिवा, एक गुण. एकही शिवी नाही, एकही खोटा शब्द नाही. आमच्यासारख्या मोठ्या माणसांनाही इतके नेमके लिहिता येईलच असे नाही.

शाळेपुरते काही निर्णय

मत ऐकून घेणे हे मत देण्याइतकेच अवघड असते. स्टॉलच्या मुलांना आम्ही रागावलो नाही. ती चिठ्ठी आम्ही सूचना फलकावर लावली आणि पुढच्या वेळी टिक्की आतपर्यंत शिजण्यासाठी काय करावे, हे त्यांनीच ठरवावे असे सांगितले. टिक्की पातळ थापावी, आलू आधी पूर्ण उकडावा आणि पाव आयत्या वेळी तव्यावर शेकावा, असे त्यांनी लिहून आणले. यापुढे शाळेच्या कोणत्याही कार्यक्रमातील मतांचा डबा शिक्षकांसमोर उघडला जाईल आणि त्यातील प्रत्येक चिठ्ठी वाचली जाईल.

विश्वस्त मंडळींच्या माहितीसाठी आणखी एक नोंद. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत अति चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे विनियम सांगतात. स्नेहसंमेलनाच्या स्टॉलवर काय असावे, याचा विचार पुढील बैठकीत व्हावा, ही विनंती. ज्वारीच्या छोट्या भाकरीत आलूची टिक्की घालून पाहावी, अशी एका पालकमातेची सूचना आली आहे. तीही विचारात घ्यावी.

भज्यांच्या गाड्याचे काय झाले, हे सांगणे राहिले. निरोप पाठवणारा मुलगा वडिलांसोबत तेथे गेला. त्याने माफी मागितली, मग आपल्या पैशाने भजी विकत घेतली. तेल त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. ज्यांना ज्यांना पहिला निरोप गेला होता, त्यांना त्याने दुसरा निरोप पाठवला, 'मी खोटे लिहिले होते. आज खाल्ले. दहा मिनिटे थांबावे लागले. भजी गरम होती, तेल स्वच्छ होते.' हे चांगले झाले. पण पहिला निरोप जितक्या वेगाने पसरला तितक्या वेगाने दुसरा पसरला नाही आणि त्या गृहस्थांचा धंदा अद्याप पूर्वीइतका झालेला नाही. पालकांनी हे ध्यानात घ्यावे. शक्य असेल त्यांनी येत्या बाजाराच्या दिवशी त्या गाड्यावर जावे, खावे आणि जे वाटेल ते त्यांच्या समोरच सांगावे.

सर्व विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी शुभेच्छा.